हरवलेल्या पाच पावत्या

गेल्या जुलै महिन्यातली गोष्ट. प्रवेशाचे दिवस म्हणजे आमच्या महाविद्यालयाच्या आवारात यात्राच असते. खेड्यापाड्यांतून मुलगे-मुली येतात, बरोबर कपाशीची खुरपणी अर्धी टाकून आलेला बाप असतो, आणि सगळ्यांनाच शेवगावच्या स्टँडवरून परतीची एस.टी. गाठायची असते. फीच्या खिडकीपुढची रांग पार झाडापर्यंत जाते. त्या धामधुमीत एके संध्याकाळी शिपाई वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, खाली बोलावलंय. भाऊसाहेबांच्या पाच पावत्या सापडंनात."

भाऊसाहेब म्हणजे आमचे वरिष्ठ लिपिक. आमच्या भागात तलाठीही भाऊसाहेब, ग्रामसेवकही भाऊसाहेब आणि कचेरीतला कारकूनही भाऊसाहेबच; त्यामुळे नुसत्या नावावरून काही कळायचे नाही. पण हे भाऊसाहेब तीस वर्षे एकाच खुर्चीत बसलेले. कार्बन घालून त्यांनी लिहिलेली पावतीपुस्तके अजून कपाटात आहेत. पावती चुकली तर ती फाडून फेकायची नाही; आडवी रेघ मारायची, 'रद्द' लिहायचे, सही करायची आणि मूळ प्रत स्थळप्रतीला टाचून ठेवायची, हा त्यांचा शिरस्ता. पुस्तकात शंभर पावत्या असतील तर शंभरचा हिशेब लागलाच पाहिजे. पुढे संगणक आला, पावत्या यंत्रातून निघू लागल्या आणि क्रमांकही यंत्रच घालू लागले. भाऊसाहेबांनी त्याबद्दल कुरकूर केली नाही. फक्त रोज संध्याकाळी दिवसाचा पहिला आणि शेवटचा क्रमांक ते आपल्या वहीत टिपून ठेवत.

हिशेब तपासायला आलेल्या गृहस्थांनी त्या दिवशीची यादी काढली, तेव्हा १२०६ नंतर एकदम १२११ आला. पुढे १२३०, आणि मग १२३२. म्हणजे १२०७, १२०८, १२०९, १२१० आणि १२३१ या पाच पावत्या बेपत्ता. भाऊसाहेब म्हणाले, "रोकड तर पैशापैशानं जुळतीय, साहेब." त्यावर गृहस्थांचे उत्तर बिनतोड होते. ज्या पावत्या यादीत नाहीत, त्यांच्या पैशाने रोकड बिघडणार कशी? पैसे घेतले, पावती दिली, मागाहून यंत्रातली नोंद पुसली, की झाले!

मराठीत 'एखाद्याच्या नावाने पावती फाडणे' असा एक वाक्प्रचार आहे. तो इतक्या शब्दशः खरा झालेला मी प्रथमच पाहिला. भाऊसाहेबांना खिडकीवरून उठवून ग्रंथालयात पुस्तकमोजणीला बसवण्यात आले आणि तिघांची चौकशी समिती नेमली गेली. तीत मी होतो. संगणकातले मला काही कळते म्हणून नव्हे; मराठीचा माणूस आहे, अहवाल बरा लिहील म्हणून.

महिनाभर आम्ही अंधारात चाचपडलो. मग पोळ्याला माझा एक जुना विद्यार्थी गावी आला. निबंधात याला मी पन्नासपैकी सतरा गुण दिले होते, ते त्याला अजून आठवतात. आता तो पुण्याला असतो आणि मोठमोठ्या कचेऱ्यांच्या डेटाबेसचे काम पाहतो. डेटाबेस म्हणजे यंत्रातली वहीखात्यांची कोठी, एवढे मला ठाऊक होते. चहा घेता घेता मी त्याला पावत्यांची हकीकत सांगितली. तो हसला.

"सर, एक सांगा. यंत्रानं पावतीला नंबर कधी दिला? पैसे आल्यावर, का त्याच्या आधी?"

"पैसे आल्यावर! त्याशिवाय पावती कसली?"

"तिथंच चुकतंय सर. नंबर आधी देतात."

पुढचा तासभर तो बोलत होता आणि मी ऐकत होतो. एरवी वर्गात हे उलट असते. त्याने सांगितले ते मला समजले तसे सांगतो.

आपल्याला पावती हा एक कागद दिसतो. यंत्राच्या दृष्टीने त्या अनेक नोंदी असतात. एका वहीत पावतीची मुख्य ओळ: कोणाची, कधीची. दुसऱ्या वहीत तिचे तपशील: शिक्षण शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, परीक्षा, अनामत, अशा पाच-सात ओळी. या तपशिलाच्या ओळी कोणत्या पावतीच्या, हे कळावे म्हणून त्या प्रत्येकीवर मुख्य ओळीचा क्रमांक घालावा लागतो. आपल्याकडे मुलाच्या नावात बापाचे नाव मधोमध येते, तसेच हे. बापाचे नावच ठरलेले नसेल तर मुलांची नावे पुरी लिहायची कशी? म्हणून सगळ्यांआधी मुख्य ओळीला क्रमांक मिळावा लागतो. या क्रमांकाला ते लोक 'प्रायमरी की' म्हणतात. शाळेतल्या जनरल रजिस्टरचा नंबर जसा एका मुलाचा एकच असतो आणि मूल शाळा सोडून गेले तरी दुसऱ्याला मिळत नाही, तसा हा क्रमांक.

क्रमांक मिळाला, तपशील लिहिले, पैसे आल्याची खूण पटली, की मग यंत्राला सांगायचे: आता हे सगळे पक्के कर. त्याला 'कमिट' म्हणतात. मध्ये काही बिनसले, वीज गेली, लाइन तुटली, तर सगळे लिहिलेले पुसले जाते, जणू काही घडलेच नव्हते. अर्धी पावती कधी उरत नाही. व्यापाऱ्यांच्या कच्च्या आणि पक्क्या खात्याची ही रीत आहे. येत्या लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांवर कुंकू लावणाऱ्या आमच्या पेठेतल्या दुकानदाराला ती समजावून सांगावी लागणार नाही.

मी विचारले, "सगळं पुसलं जातं, तर मग नंबरही पुसून परत मागं का घेत नाहीत?"

हाच खरा मुद्दा होता. तो म्हणाला, "सर, समजा खिडक्या दोन आहेत. पहिलीनं १२०७ घेतला, दुसरीनं १२०८. पहिलीचं काम अडकलं. आता १२०७ चं काय होणार, हे कळेपर्यंत दुसरीनं थांबायचं का? तुमच्या दोन खिडक्या आहेत. रेल्वेच्या, बँकेच्या हजारो असतात. एकानं अडवलं तर सगळ्या रांगा उभ्या राहतील."

म्हणून क्रमांक देणारा हा कोठीतल्या बाकीच्या कारभारापासून मुद्दाम अलग ठेवलेला असतो. मागितला की दिला, दिला की पुढचा तयार. घेणाऱ्याचे काम पार पडले की बुडाले, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पोस्टग्रेस, ऑरॅकल वगैरे जी नावाजलेली डेटाबेस आहेत, त्या सगळ्यांत हीच चाल आहे. ऑरॅकल तर आपणहून सांगितले नाही तर वीस-वीस क्रमांकांचा गठ्ठा आधीच काढून हाताशी ठेवते. यंत्र अचानक बंद पडले तर गठ्ठ्यातले उरलेले क्रमांक वाया जातात आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाही.

उलट दिलेला क्रमांक परत घेऊन दुसऱ्याला देणे हेच धोक्याचे. मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये पूर्वी हा दोष होता. पुढचा क्रमांक कोणता, हे ते नुसते डोक्यात ठेवायचे, कागदावर नाही. यंत्र बंद करून चालू केले, की वहीतला सर्वांत मोठा क्रमांक पाहून त्याच्या पुढून पुन्हा मोजायला लागायचे. मग आधी एकाला देऊन झालेला क्रमांक दुसऱ्याच्या माथी बसण्याचा संभव. याविषयीची तक्रार २००३ मध्ये नोंदवली गेली आणि दोष दूर झाला तो २०१८ मध्ये, ८.० या आवृत्तीत. सरकारी कचेऱ्यांनी उगीच लाजू नये!

हे ऐकताना मला एकदम आमच्या मामांच्या जमिनीची आठवण झाली. मामांनी बरीच वर्षे पैसा साठवून शेजारचे रान विकत घेतले. खरेदीखत झाले. तलाठ्याने गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, नोंद घेतली. नोंदीला नंबर पडला. मामांनी त्या दिवशी पेढे वाटले. आता फेरफाराचा कायदा असा आहे: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठी आधी नोंद लिहितो, चावडीवर नोटीस लावतो, हितसंबंधितांना कळवतो, हरकतीला पंधरा दिवस देतो, आणि नंतर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात किंवा रद्द करतात. नंबर मात्र पहिल्याच दिवशी पडतो. नोटिशीवरही तोच असतो, कारण हरकत घेणाऱ्याने कशावर हरकत घेतो हे सांगायला काही तरी नाव हवे ना!

हाताने लिहायच्या काळात तर ही गोष्ट डोळ्यांना दिसायची. फेरफार प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यावर त्याची नोंद पेन्सिलने करत. प्रमाणित झाला की शाईने. मामांच्या नोंदीवर विकणाऱ्याच्या बहिणीने वडिलार्जित हिश्श्याची हरकत घेतली. प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, नमुना ६-अ मध्ये गेले आणि शेवटी नोंद रद्द झाली. पेन्सिल खोडली गेली. पण फेरफाराचा तो नंबर आजही वहीत आहे, शेऱ्याच्या रकान्यात 'रद्द' असे लिहून. त्याच्या पुढच्या खातेदाराला पुढचाच नंबर मिळाला. आता ही नोंद संगणकावर होते, पण क्रम तोच. 'आपली चावडी' या सरकारी पानावर कोणीही आपल्या गावाचे प्रलंबित फेरफार, त्यांच्या नंबरांसकट, पाहू शकतो. ज्यांना तलाठी म्हणत आलो त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे. तेवढा बदल ध्यानात ठेवावा.

मामांची चूक नंबर आणि नोंद एकच समजण्यात झाली. पण तिचा दोष थोडासा आपल्या भाषेकडेही जातो, किंवा खरे तर भाषेकडे नीट कान न देण्याकडे. मराठीत 'नंबर लावणे' वेगळे आणि 'नंबर लागणे' वेगळे. दवाखान्यात सकाळी जाऊन आपण नंबर लावतो. अध्यापक महाविद्यालयात मुलाचा नंबर लागतो. पहिले आपल्या हातात असते, दुसरे घडावे लागते. मामांनी नंबर लावला होता, तो लागला नव्हता. वर्गात सकर्मक-अकर्मक क्रियापदे शिकवताना मी इतकी वर्षे भलतीच रुक्ष उदाहरणे देत आलो, याची त्या दिवशी खंत वाटली.

या विद्येचे पूर्वज कोण, तेही त्याने सांगितले. एडगर कॉड नावाचा इंग्रज गृहस्थ, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला, पुढे अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत गणितज्ञ. वहीखात्यांची ही तक्त्यांची रचना आणि 'प्रायमरी की' हा शब्द त्याच्या १९७० च्या निबंधात आहे. दुसरा जिम ग्रे. व्यवहार पुरा तरी व्हावा नाही तर मुळीच होऊ नये, ही कल्पना यंत्रात पक्की रुजवण्यात त्याचा मोठा वाटा. त्याने दाखला दिला तो लग्नविधीचा: पुरोहित दोघांनाही विचारतो, दोघांचाही होकार आला तरच लग्न लागले. (लागले! इथेही तेच क्रियापद.) १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक ग्रे यांना मिळाले. जानेवारी २००७ मध्ये ते आपल्या होडीतून एकटेच सॅन फ्रान्सिस्कोहून समुद्रात गेले आणि परत आले नाहीत. उपग्रहाच्या छायाचित्रांतून हजारो लोकांनी शोधले; ना होडी सापडली, ना माणूस. २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना मृत ठरवले. ज्याने आयुष्यभर हो किंवा नाही यांच्या मधली अवस्था उरू दिली नाही, त्याच्या घरच्यांनी ती पाच वर्षे सोसली. ही गोष्ट सांगताना तो मुलगाही थोडा वेळ गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी सुटी असूनही प्राचार्यांच्या परवानगीने आम्ही कार्यालय उघडले. यंत्र आपल्या प्रत्येक हालचालीची एक रोजनिशी ठेवते, ती त्याने काढली. दुपारी तीनच्या सुमारास पावसाने लाइनची ये-जा चालू होती. एकाच मुलीची पावती चार वेळा करू पाहिली, चारही वेळा मध्येच तुटली. चार प्रयत्न, चार क्रमांक: १२०७ ते १२१०. पाचव्यांदा जमले, तो १२११. नाव त्याच मुलीचे, रक्कम तीच, आणि बँकेतही पैसे एकदाच आलेले.

राहिला १२३१. तो रोजनिशीत तुटलेला दिसेना. आणि वहीत पाहिले, तर पावती तिथे होती! नाव, तपशील, रक्कम, सगळे जागच्या जागी. मग हिशेबाच्या यादीत ती का नव्हती?

याचे उत्तर मला सगळ्यांत अधिक विचारात टाकणारे वाटले. क्रमांक ज्या क्रमाने दिले जातात, त्याच क्रमाने पावत्या पक्क्या होतात असे नाही. दुसऱ्या खिडकीने १२३१ घेतला आणि मोबाइलवरून भरलेल्या पैशांची खूण यायची वाट पाहत ती थांबली. तेवढ्यात पहिल्या खिडकीने १२३२ पासून १२४० पर्यंत काम उरकले. पाच वाजता दिवसाची यादी निघाली; त्या वेळी १२३१ अजून कच्चा होता, म्हणून दिसला नाही. पाच वाजून चार मिनिटांनी तो पक्का झाला. दुसऱ्या दिवशीची यादी काढणाऱ्या यंत्राला सांगून ठेवले होते, 'काल १२४० पर्यंत झाले, त्यापुढचे दे.' १२३१ हा त्यापुढचा नव्हता. तो आजच्याही यादीत नाही, उद्याच्याही नाही. पंगतीत उशिरा बसलेल्या पाहुण्याला वाढप्याने 'ही ओळ झाली' म्हणून ओलांडून जावे, तसे झाले.

आणि याची झळ भाऊसाहेबांना एकट्यांना बसली नव्हती. ज्या मुलीची ती पावती, तिचे नाव फी न भरलेल्यांच्या यादीत फलकावर लागले होते. नाथसागराच्या काठच्या गावातली मुलगी. तिच्या वडिलांनी पावती दाखवली होती; पण यादीत नाही म्हटल्यावर ती पावतीच बनावट असावी, असा उलटा संशय एकाने बोलून दाखवला होता. त्यापुढे ते बापलेक कार्यालयात आलेच नाहीत. चौकशी समितीच्या कागदांत याचा उल्लेखही नव्हता. आम्ही तिघे विद्वान पाच पावत्या शोधत होतो, आणि एका पावतीचा धनी आमच्याच आवारात हेलपाटे घालून गेला होता.

मग इलाज काय? माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे असे की, यंत्राला लागतो तो क्रमांक आणि माणसांना दाखवायचा तो क्रमांक, हे दोन वेगळे ठेवावेत. पहिला आधी मिळावा, वाटेल तितके वाया जावोत. दुसरा मात्र सगळे उरकल्यावर, पक्के करण्याच्या अगदी शेवटच्या पायरीला घ्यावा, आणि तो घेताना बाकीच्यांना क्षणभर थांबवावे. काम थोडे मंदावते. पण दिवसाला शे-दीडशे पावत्या फाडणाऱ्या आमच्यासारख्यांना ते जाणवायचेही नाही. यादीही 'अमुक क्रमांकापुढच्या' अशी न काढता, कोणत्या पावत्या अजून यादीत गेल्या नाहीत त्याची प्रत्येकीवर खूण ठेवून काढावी.

ही दोन क्रमांकांची युक्ती आपल्या नित्य व्यवहारात आहेच, आपण फक्त तिच्याकडे पाहत नाही. रेल्वेचे तिकीट मोबाइलवर काढताना पैसे भरण्याआधीच एक व्यवहार क्रमांक येतो, पी.एन.आर. येतो तो तिकीट झाल्यावर. पैसे कापले गेले आणि तिकीट मिळाले नाही, तर तक्रार करायला तो पहिलाच क्रमांक उपयोगी पडतो. आधारचेही तसेच. नोंदणी केंद्रावर हाती पडते ती नोंदणी क्रमांकाची पोच. हा माणूस आधी कुठे नोंदला गेला नाही ना, याची छाननी झाल्यावरच बारा अंकी आधार क्रमांक मिळतो. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले, हे अनेकांना आठवत असेल. वस्तू-सेवा कराचे खाते तर याहून व्यवहारी. बिलांना ओळीने क्रमांक हवेत, असा त्याचा नियम आहे. पण व्यापाऱ्याने भरायच्या जी.एस.टी.आर.-१ या विवरणात कोणत्या क्रमांकापासून कोणत्यापर्यंत बिले निघाली, याच्या शेजारीच 'त्यांतली रद्द किती' असा रकाना आहे. क्रमांक वाया जातात हे सरकारने गृहीत धरले आहे. ते सांगा, एवढेच मागणे.

अहवाल मी लिहिला. इतर दोघांनी सही करताना तो निबंधासारखा झाला आहे असे म्हटले, ते मी स्तुती म्हणून घेतले. त्या मुलीच्या घरी मात्र अहवाल पाठवून भागण्यासारखे नव्हते. मी आणि भाऊसाहेब एका रविवारी मोटारसायकलवरून गेलो. तिचे वडील रानात होते. भाऊसाहेबांनी बांधावर उभे राहून, चूक कुणाची झाली आणि कशी झाली, हे त्यांना पाच वाक्यांत सांगितले. मला पाच पाने लागली होती. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मंग आता यादीतलं नाव काढलं का?" काढले होते. मुलगी दुसऱ्या सोमवारपासून वर्गात येऊ लागली.

भाऊसाहेब पुन्हा खिडकीवर बसले. त्याच दिवशी त्यांनी आपली ती जुनी वही काढली, जुलैचे पान उघडले, लाल शाईने लिहिले: 'क्र. १२०७ ते १२१०, व्यवहार अपूर्ण, रद्द. क्र. १२३१, उशिरा जमा.' खाली सही केली, तारीख घातली, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि रांगेतल्या पहिल्या मुलाला म्हणाले, "हां, बोल. नाव सांग."